सॉफ्टवेअर शिका, पण आधी वही उघडा



परवाच्या बॅचमध्ये घरगुती चकलीचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, डेटा ॲनालिसिससाठी आर शिकू, पायथॉन शिकू की एसपीएसएस? क्लासची फी भरायची शेवटची तारीख उद्या आहे."

मी विचारलं, "ताई, मागच्या महिन्यात कोणत्या दुकानात किती पाकिटं गेली?"

"ते काय, डोक्यात आहे सर!"

मग मी त्यांना सरळ सांगितलं, उद्या फी भरू नका. काहींना ते पटलं नाही. "सर, तुम्हीच म्हणता ना, काळाबरोबर चला?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

माझा सॉफ्टवेअरला विरोध नाही. विरोध आहे तो क्रमाला. आधी धंद्यातला प्रश्न, मग त्याची नोंद, आणि मग सॉफ्टवेअर. आपण उलटं करतो, आणि पैसे तिथेच जातात.

ही चूक मी स्वतः केली आहे. फी भरून आर शिकायला गेलो. तिथे सरावाला मिळाला 'आयरिस' नावाचा डेटा, म्हणजे १५० फुलांच्या पाकळ्यांची मापं. शिकायला तो डेटा उत्तमच आहे, जगभर वापरतात. पण घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा कळलं, माझ्या धंद्याचा एक आकडाही माझ्याकडे लिहिलेला नाही. आता सॉफ्टवेअरला खायला काय घालणार? दोन महिन्यांत सगळं विसरलो.

आता एक साधं उदाहरण घ्या. समजा तुमची डब्यांची सर्व्हिस आहे. सात दिवसांत डबे गेले असे: ४०, ४२, ३८, ४१, ३९, ४३ आणि १७०. शेवटच्या दिवशी एका ऑफिसची मोठी ऑर्डर आली होती. सरासरी काढली तर येते ५९. आता रोज ५९ डब्यांचा स्वयंपाक केलात तर काय होईल? रोज १५-२० डबे वाया!

हेच आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला बघा. तो आहे ४१. याला मीडियन म्हणतात. एक्सेलमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये ॲव्हरेज आणि मीडियन, दोन्हींचे तयार फॉर्म्युले आहेत. दोन्ही काढायचे. दोघांत मोठी तफावत दिसली की समजायचं, कुठला तरी दिवस वेगळा गेलाय, तो शोधा. मोबाइलवरही होतं हे.

आता थोडं पुढचं. समजा ताईंना चकलीचं नवीन लेबल करायचंय. दहा दुकानं घेतली. पाचांत जुनं लेबल, पाचांत नवं. एका आठवड्यात जुनी पाकिटं गेली १२, ३०, १८, २५, १५. नवी गेली १४, ३३, २०, २२, ३१. जुन्याची सरासरी २०, नव्याची २४. बघा, २० टक्के वाढ! लगेच दहा हजार पाऊच छापायला द्यायचे?

थांबा. दुकानादुकानांतच केवढा फरक आहे बघा. कुठे १२, कुठे ३०. मग हा चारचा फरक लेबलमुळे आला की नुसत्या योगायोगाने? इथे कामाला येते ती टी-टेस्ट. याच आकड्यांवर ती लावली की पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.४३. म्हणजे लेबलने काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता ४३ टक्के. यावरून नवं लेबल वाईट ठरत नाही. पण दहा हजार पाऊच छापण्याएवढा पुरावा अजून नाही, एवढं नक्की. अजून काही आठवडे, अजून काही दुकानं घ्या. आणि कोणत्या दुकानात कोणतं लेबल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आपण नकळत नवं लेबल चांगल्या दुकानातच ठेवतो!

ही टी-टेस्ट आली कुठून माहितीय? डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस कामाला होता. बार्ली कोणती चांगली, हे मोजक्याच नमुन्यांवरून ठरवायचं होतं. त्या काळचं संख्याशास्त्र चालायचं भरपूर आकड्यांवर. तेव्हा तो लंडनला कार्ल पीअर्सन यांच्याकडे जाऊन शिकला आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने आपली पद्धत छापली. म्हणजे आधी कारखान्यातली अडचण, मग शिक्षण. आणि अडचणही आपल्यासारखीच, आकडे थोडे असण्याची.

मग मोठं सॉफ्टवेअर कधी? शीटमध्ये महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी साठल्या, पिव्होट टेबल हाताला बसलं आणि तरीही एखादा प्रश्न सुटेना, तेव्हा. तेव्हाही आधी खिशात हात घालू नका. आर फुकट आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी ते सुरू केलं. कोड लिहायची भीती वाटत असेल तर जामोवी बघा. तेही फुकट, आतून आरवरच चालतं, आणि सगळं माऊसने होतं. एसपीएसएस विकत घ्यावं लागतं. ज्यांना डेटा ॲनालिस्टची नोकरीच करायची आहे, त्यांनी जरूर क्लास लावा. त्यांचा रस्ता वेगळा.

आपला गृहपाठ मात्र साधा आहे. आजपासून ३० दिवस पाच रकाने भरा: तारीख, माल, कुठे विकला, किती नग, किती रुपये. एका ओळीत एकच विक्री. 'अंदाजे' हा शब्द लिहायचा नाही. दुकान बंद असेल तर 'बंद' लिहा, शून्य नको, कारण बंद दुकान आणि न खपलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताईंनी फी भरली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या, पहिल्या पानावर दहा दुकानांची नावं लिहून. तुमच्या पहिल्या पानावर काय येणार, ते आज रात्रीच ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात पिव्होट टेबल शिकू, पण वही भरलेली हवी!