रानात उजेड, रस्त्यावर अडचण: मिनी ट्रॅक्टरच्या जादा दिव्यांचं काय करायचं?

पेरणीचा वापसा फार दिवस थांबत नाही. पाऊस उघडला की दोन-चार दिवसांत रान तयार करावं लागतं. गावात भाड्याचे ट्रॅक्टर मोजकेच असल्याने ज्याचा नंबर रात्री अकराला लागतो, त्याची मशागत रात्री अकरालाच होते. द्राक्षपट्ट्यात, म्हणजे अथणी, विजयपूर, तासगावकडे, वारा पडल्यावर संध्याकाळी किंवा पहाटेच्या अंधारात फवारणी चालते. सीमाभागात रात्रीचं ट्रॅक्टरकाम म्हणूनच नेहमीचं झालं आहे.

ट्रॅक्टरवर उजेड मात्र त्या मानाने नाही. कंपनीचे पुढचे दोन दिवे रस्ता दाखवायला असतात. काम चालतं मागे, रोटाव्हेटरवर, आणि तिथे अंधार असतो. पीटीओचा फिरणारा शाफ्ट दिसत नाही, टॉवेलाचं किंवा धोतराचं टोक त्यात कधी गेलं ते कळतही नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये जादा दिवे बसवून घेणारे वाढले आहेत. दिवे हवेतच, यात वाद नाही. प्रश्न आहे तो ते कसे बसवले जातात आणि डांबरीवर आल्यावर बंद होतात की नाही, याचा.

हिशेब अँपिअरचा

मिनी ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची असते आणि अल्टरनेटर मोठ्या ट्रॅक्टरच्या मानाने लहान. 55 वॉटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअरच्या वर करंट ओढतो. असे चार लावले तर 18 अँपिअर, शिवाय कंपनीचे हेडलाईट वेगळे. इंजिन कमी आरपीएमवर असताना अल्टरनेटरला एवढा भार पेलत नाही. बॅटरी उतरते आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. 18 वॉटचा एलईडी दिवा दीड अँपिअरमध्ये भागवतो, म्हणजे चार दिव्यांना सहा अँपिअर पुरतात. लहान ट्रॅक्टरला एलईडीच परवडतो तो यामुळे. फक्त खोक्यावर छापलेल्या वॉटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. स्वस्त मालात तो आकडा अनेकदा फुगवलेला असतो.

घाईत बहुतेक ठिकाणी हेडलाईटची वायर सोलून तिथूनच जोड दिला जातो. कंपनीचा स्विच आणि वायर जादा भारासाठी नसतात, त्या तापतात. वायरिंग कापल्याचं दिसलं की डीलर वॉरंटीला हात वर करतो, तो भाग वेगळाच.

नीट जोडणीला फार सामान लागत नाही. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर काढायची आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवायचा. पुढे रिले. स्विच फक्त रिलेला चालवतो, दिव्यांचा करंट स्विचमधून जात नाही. स्विचची वायर किल्लीच्या लाईनवर घेतली की किल्ली काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात. अर्थ द्यायचा तो रंग खरवडून कोऱ्या लोखंडावर. दिवा मिणमिणतो तेव्हा दोष बहुतेकदा अर्थचा निघतो. वायर सायलेन्सरपासून लांब, घासणार नाही अशी बांधायची.

जागाही विचार करून निवडावी लागते. मागे एकच दिवा मधोमध लावला तर लिंकेजची सावली नेमकी अवजारावर पडते, म्हणून दोन्ही मडगार्डवर एकेक दिवा बरा. द्राक्षबागेत उंच लावलेला दिवा मांडवाच्या तारांना अडकतो, तिथे तो खालीच हवा. ज्या ट्रॅक्टरला रोलबार आहे, त्याला भोक पाडू नये, क्लॅम्पने बसवावा. तो बार ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवण्यासाठी आहे.

रस्त्यावर नियम एकच

नंबरप्लेट केए-23 असो वा एमएच-09, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 दोघांनाही सारखेच लागू आहेत. नियम 108 प्रमाणे, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटचा उजेड यांसारखे अपवाद सोडले तर, वाहनाच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. नियम 111 पुढच्या बाजूच्या स्पॉटलाईट आणि सर्चलाईटला मनाई करतो.

नियम बाजूला ठेवला तरी धोका कळायला अवघड नाही. रोटरकाम संपवून निघालेला चालक मागचा पांढरा दिवा बंद करायला विसरतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला समोर नुसता झगझगाट दिसतो. ट्रॅक्टर पुढे चाललाय की समोरून येतोय, हेच त्याला उमगत नाही. याच्या उलट अवस्था ऊसाच्या ट्रॉलीची. तिच्या मागे लाल दिवाच नसतो, असला तर वाढ्याआड झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. चिकोडी, निपाणी, कागल या पट्ट्यात गाळप हंगामात दोन्ही राज्यांची वाहनं एकाच रस्त्यावर असतात. जिथे उजेड नको तिथे तो आहे आणि जिथे हवा तिथे नाही, असा हा उलटा कारभार.

जबाबदारी कुणाची?

सगळा दोष शेतकऱ्यावर टाकून भागणार नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टरसाठी 90 टक्के अनुदान मिळतं. उपसाधनांत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर धरलेला आहे. याच यादीत कामाचे दोन दिवे, रिलेची वायरिंग आणि ट्रेलरचे मागचे दिवे घातले तर खर्च ट्रॅक्टरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. कर्नाटकच्या कृषी यांत्रिकीकरणातही हे करता येईल. साखर कारखाने हंगामाआधी वाहतुकीचे करार करतात. ट्रॉलीचा मागचा दिवा चालू असल्याशिवाय करार नाही, एवढी एक अट पुरेशी आहे.

तोवर ट्रॅक्टरमालकाच्या हातात आहे ते हे: कामाच्या दिव्यांना वेगळा स्विच आणि चालकाला दिसेल असा लाल इंडिकेटर. बांध ओलांडून रस्त्याला लागताना तो बटन दाबून बंद करायची सवय चालकाला लावली, तर मागून येणारा दुचाकीवाला, जो बहुधा आपल्याच गावचा असतो, तो घरी नीट पोचेल.