सरकारचा अभिप्राय आणि नागरिकांचा हक्क

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. ते कडव्या डाव्या संघटनांकरिता आहे, साध्या गृहस्थाने त्याची धास्ती घेऊ नये, असे सरकारपक्ष म्हणतो. गडचिरोलीच्या अरण्यात ज्यांनी शस्त्र उचलले त्यांचा कैवार आम्हांसही घ्यावयाचा नाही. परंतु कायद्याची पारख करणाराच्या हेतूवरून न होता कायद्याच्या शब्दांवरून होत असते, आणि येथे शब्द फार सैल आहेत.

समजा, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे संत्र्यांच्या बागाइतदारांनी एक मंडळ स्थापिले व अमुक एक सरकारी आकार अन्यायाचा म्हणून कोणी भरू नये, असा ठराव केला. (वेदप्रामाण्य न मानणाऱ्या महानुभावांचे हे पीठ, रूढ मताविरुद्ध एकत्र जमणे या गावास नवे नाही.) तेथे ना लाठी, ना काठी. तथापि प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेस उत्तेजन देणे हेही या विधेयकाने बेकायदेशीर कृत्यांत घातले आहे. संयुक्त समितीने ‘कडव्या डाव्या’ हे शब्द घातले खरे. पण त्यांस ‘अथवा तत्सम’ अशी शेपटी जोडली आहे. या ‘तत्सम’च्या पोटात काय मावणार नाही? १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहिहांड्यास खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून लोकांनी कायदा मोडला. त्यांची गणना कशात करावयाची?

संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार सरकारास. तिच्या सभासदास तीन वर्षांपर्यंत कारावास. सार्वजनिक हितास बाधक वाटेल ती हकीकत गुप्त ठेवण्याचीही सरकारास मुभा आहे. आरोपच पुरता न कळता उत्तर कशाचे द्यावे? यावर तोड म्हणून सल्लागार मंडळ दाखविण्यात येते. त्यात न्यायाधीशांच्या पंक्तीस सरकारी वकील बसविला आहे. फिर्यादीच्या वकिलास पंच केल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही!

हा प्रश्न नवा नव्हे. १९०८ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यात दुरुस्ती करून मद्रास सरकारने एक संस्था बेकायदेशीर ठरविली, तेव्हा व्ही. जी. राव यांनी दाद मागितली. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. सरकारच्या केवळ समाधानावर संघटना-स्वातंत्र्य हिरावता येत नाही, व सल्लागार मंडळाची चौकशी न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. केंद्राच्या १९६७ च्या कायद्यातही बंदीची तपासणी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे आहे. मग महाराष्ट्रासच त्याहून खाली उतरण्याचे कारण काय?

न्यायालये आहेत, ती पाहून घेतील, असे म्हणून स्वस्थ बसणारांनी नागपुराकडे पाहावे. अमरावती-अकोल्याची दाद तेथेच लागते. आणीबाणीत त्या खंडपीठाने स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्यास नकार दिला नाही. इतरही कित्येक उच्च न्यायालयांनी तेच केले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार लावून घेतले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध राहिले. १९७८ च्या घटनादुरुस्तीने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला, आणि तो निकाल चुकीचा होता हे २०१७ साली न्यायालयानेच सांगितले. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी! मधल्या काळात तुरुंगाच्या भिंती चाटणाऱ्यांस त्याचा काय उपयोग?

यास्तव आमची मागणी एवढीच की, ‘तत्सम’ हा शब्द गाळावा, अवज्ञेचे कलम हिंसेच्या चिथावणीपुरते आखावे, आणि सल्लागार मंडळातून सरकारी वकिलास उठवून उघड सुनावणीचे न्यायासन तेथे बसवावे. वऱ्हाडातील आमदारांनी पक्ष बाजूस ठेवून पुढील अधिवेशनात हे बोलून दाखवावे.