परत फिरायला धाडस लागतं

तुमच्या मोबाइलमध्ये असा एखादा नंबर आहे का, जो डिलीटही करवत नाही आणि लावायची हिंमतही होत नाही? माझ्याकडे आहे.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यावर एक छोटी डॉक्युमेंटरी केली होती. कल्पना एका मैत्रिणीची. पहाटे उठून शूटिंग तिनेच केलं, रात्र रात्र एडिटिंगला बसली तीच. प्रेझेंटेशनच्या दिवशी ती तापाने घरी होती. सरांनी विचारलं, "हे एवढं काम कुणाचं?" मी नुसती हसले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कौतुक माझं झालं. तिला कळलं तेव्हा ती भांडलीसुद्धा नाही. फक्त बोलायची थांबली.

ती वसईची. आणि आज ज्याच्याबद्दल लिहायचंय, त्या संत गोन्सालो गार्सियाचं नाव मी पहिल्यांदा तिच्याच घरी ऐकलं होतं. नेरूळहून पनवेल, तिथून वसईची मेमू, असा प्रवास करून मी तिच्याकडे गेले होते. वसई म्हटलं की आपल्याला सुकेळी आठवतात, किल्ला आठवतो, १७३९ आणि चिमाजी अप्पा आठवतात. त्याच वसईत, पोर्तुगीजांच्या काळात, १५५६च्या सुमारास हा मुलगा जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संत म्हणून घोषित केलं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. वसई तालुक्यातल्या गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे.

मैत्रिणीच्या आजीने त्याची गोष्ट सांगितली ती थेट शेवटाकडून. जपान, क्रूस, हौतात्म्य. आपण संतांच्या गोष्टी अशाच ऐकतो. फोटोभोवती तेजोवलय आणि खाली तारीख. मग वाटतं, ही माणसं वेगळ्याच मातीची, आपला काय संबंध? मला मात्र नंतर त्याच्या आयुष्यातली मधली पानं जास्त आवडली. कारण त्या पानांवर चक्क रिजेक्शन आहे.

गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, आठेक वर्षं त्यांच्या कामात राबला. जेझुइट संघात घ्या, म्हणून विनंती करत राहिला. त्याला घेतलं नाही. विचार करा, तुम्ही एका ठिकाणी आठ वर्षं इंटर्न आहात आणि कन्फर्मेशनचं पत्र काही येत नाही! शेवटी तो बाहेर पडला, व्यापारात शिरला आणि त्यात चांगला जमही बसवला. गोष्ट इथे संपली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण आतली ओढ संपली नव्हती. तो फिलिपीन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. इकडे जपानमध्ये हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरीही १५९३ मध्ये गोन्सालो आपल्या सहकाऱ्यांबरोबर दुभाषा म्हणून तिथे परत गेला. क्योतोमध्ये या मंडळींनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. १५९६च्या अखेरीस धरपकड झाली. डाव्या कानाचे तुकडे कापून, ऐन थंडीत कैद्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर मारलं. त्यांतले २० जपानी होते, काही तर बारा-चौदा वर्षांचे.

त्याचं धाडस फक्त त्या शेवटच्या दिवशी होतं असं मला वाटत नाही. ज्या देशात आपल्याला नकार मिळाला, तिथेच धोका दिसत असताना परत जाणं, हे धाडस त्याआधीचं. मरणाची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर अशी येणार नाही, येऊही नये. परत जाण्याची वेळ मात्र प्रत्येकावर येते.

पश्चात्तापाचंही तसंच आहे. बायबलमध्ये दोन शिष्य एकाच रात्री चुकतात. यहूदा पैशांसाठी येशूला पकडून देतो. पेत्र, तो मासेमारी करणारा गडी, कोंबडा आरवण्याआधी तीनदा सांगतो की मी त्याला ओळखतच नाही. दोघांनाही नंतर पस्तावा होतो. यहूदा तर घेतलेली तीस नाणी परतही करतो. पण पुढे तो एकटा पडतो आणि स्वतःलाच संपवतो. पेत्र ढसाढसा रडतो, पण आपल्या माणसांत परत येतो. नंतर तळ्याकाठी येशू त्याला विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? एकदा नाही, तीनदा. जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा. आणि मग त्याच्यावरच जबाबदारी टाकतो.

हा फरक आपल्या वयाच्या प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावा. आपण चूक केली की दोनच गोष्टी करतो: एक तर "चिल, सगळेच करतात" म्हणून सोडून देतो, नाहीतर "मी आहेच वाईट" म्हणत रात्रभर छताकडे बघत बसतो. दोन्हींत ज्याचं नुकसान झालं तो माणूस कुठेच नसतो. वाल्याचा वाल्मीकी झाला, हे आपण पटकन म्हणतो. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसून राहिला, ते मात्र गाळतो.

तुम्ही म्हणाल, चर्चचा इतिहास काय फक्त संतांचाच आहे? नाही. १५६० साली गोव्यात सुरू झालेलं इन्क्विझिशन विसरता येत नाही. म्हणूनच १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या माणसांकडून झालेल्या चुकांसाठी जाहीर क्षमा मागितली, हे मला महत्त्वाचं वाटतं. तेवढ्याने जखमा भरतात का, हा वाद आहेच. पण दोन हजार वर्षं जुन्या संस्थेला मान खाली घालावी लागते, तर आपला इगो किस झाड की पत्ती!

आणि श्रद्धा? ती म्हणजे मनात शंकाच नसणं, असं मला वाटायचं. मग कळलं की मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांत त्यांनी अनेक वर्षं देव जवळ असल्याचं जाणवतच नाही, असं लिहिलं होतं. आत अंधार, आणि तरी रोज सकाळी उठून त्या कोलकात्याच्या रस्त्यावर, त्याच माणसांकडे परत जात होत्या. मी ख्रिस्ती नाही. देवाबद्दल माझं काही पक्कं ठरलेलंही नाही. पण उत्तर मिळालेलं नसताना रोज परत जाणं म्हणजे श्रद्धा असेल, तर ती मला समजते.

म्हणून सांगते, संतांचे फोटो स्टेटसला ठेवू नका असं नाही, ठेवा. पण त्यांची मधली पानं वाचा. ते पडले, नाकारले गेले, घाबरले आणि परत फिरले. आपल्याला त्यातलं एवढं परत फिरणं जरी जमलं तरी पुष्कळ झालं.

खरं तर मी हा लेख मैत्रिणीला पाठवून मोकळी होणार होते. मग वाटलं, पेपरात माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याच जिवावर कौतुक मिळवणं. म्हणून आधी सरांना मेल केला, ते काम कुणाचं होतं ते स्पष्ट लिहिलं. लेख डेस्कवर देण्याआधी तो नंबरही लावला. रिंग पूर्ण वाजली. तिने उचलला नाही.

तिचं बरोबर आहे. उद्या पुन्हा लावेन.