एकच अपहरण, दोन चॅनेल

जर्मनीत रविवारी रात्री सव्वाआठ ही वेळ गुन्हेगारांची असते. म्हणजे टीव्हीवरच्या. ‘टाटऑर्ट’ नावाची पोलिसी मालिका १९७० पासून त्या वेळेला लागतेय. ३ जानेवारी २०२१ च्या रविवारी मात्र ‘एआरडी’ या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने प्रेक्षकांबरोबर वेगळाच खेळ केला. मुख्य चॅनेलवर एक फिल्म लावली आणि त्याच वेळी प्रादेशिक चॅनेल्सवर दुसरी. गोष्ट तीच, गुन्हा तोच, नटही तेच. पण एका फिल्ममध्ये आपण पोलिसाबरोबर फिरतो, दुसरीत आरोपीच्या वकिलाबरोबर. थोड्या वेळाने चॅनेल्सनी फिल्म्सची अदलाबदल केली, म्हणजे ज्यांना झोप आली नव्हती त्यांना दुसरी बाजूही बघता आली.

या जोडफिल्मचं नाव ‘फाइंडे’, म्हणजे शत्रू. लिहिणारे फेर्डिनांड फॉन शिराख. हे गृहस्थ आधी बर्लिनमध्ये फौजदारी वकील होते, मग लेखक झाले. त्यांचे आजोबा हिटलरच्या युवक संघटनेचे प्रमुख होते आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली होती. सरकारच्या हातात माणसाचं शरीर सापडलं की काय होतं, हा प्रश्न या नातवाला पुनःपुन्हा का पडत असेल, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता.

आता गोष्ट. (स्पॉयलर आहेत. पण त्याशिवाय मुद्द्यावर येताच येणार नाही.) बर्लिनमधल्या श्रीमंत घरातली लीझा, वय बारा. शाळेत जाताना तिला उचललं जातं आणि खंडणीची मागणी येते. तपास नाडलर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे. त्याचा संशय घराच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केल्त्सवर जातो. केल्त्स तोंड उघडत नाही. बाहेर थंडी, मुलगी कुठेतरी कोंडलेली, घड्याळ पळतंय. शेवटी नाडलर केल्त्सच्या तोंडावर कापड टाकून पाणी ओततो, श्वास कोंडेपर्यंत. केल्त्स पत्ता सांगतो. पोलीस धावत पोहोचतात. लीझा तिथे असते, पण जिवंत नसते.

पुढे कोर्ट. केल्त्सचा वकील बीगलर नाडलरला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि त्याच्याकडूनच वदवून घेतो की हो, मी छळ केला. छळ करून मिळवलेली कबुली जर्मन कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने स्वतः ‘माझी हरकत नाही’ म्हटलं तरीही नाही. हातात दुसरा पुरावा नाही. केल्त्स सुटतो.

राग आला? यायलाच हवा. नाडलरचं काम करणारा ब्यार्ने मेडल हा जर्मनीत विनोदी भूमिकांसाठी लाडका असलेला नट. गुन्ह्याच्या जागेवरचं रक्त पुसणाऱ्या सफाई कामगाराची त्याची मालिका तिथे प्रचंड गाजली होती. म्हणजे आपल्या घरातला वाटावा असा हा माणूस. त्याच्यासमोर बीगलर, महागड्या सुटातला, जरा आढ्यतेखोर. क्लाउस मारिया ब्रँडाउअर त्याला अजिबात गोड करत नाही. तुम्ही पोलिसाची फिल्म आधी बघितली असेल, तर दीड तासाच्या शेवटी बीगलरला दोन लगवाव्यात असंच वाटेल.

पण जरा थांबा. केल्त्सला सोडवलं कोणी? बीगलरने प्रश्न विचारले, एवढंच. ज्या क्षणी नाडलरने पाण्याचं भांडं उचललं, त्या क्षणी खटल्यातला सगळ्यात मोठा पुरावा त्याने स्वतःच्या हाताने बुडवला. शिवाय मुलगी वाचलीच नाही. शिराख इथे मुद्दाम निर्दय झालेत. त्यांनी आरोपीला निरपराध दाखवलं असतं, तर प्रश्न सोपा झाला असता. ‘बघा, चुकीच्या माणसाला छळलं’ म्हणून आपण सगळे एका बाजूला गेलो असतो. इथे माणूस बरोबर आहे. पोलिसाचा अंदाज शंभर टक्के खरा आहे. आणि तरीही कोर्ट म्हणतं, नाही.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. सप्टेंबर २००२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये बँकरच्या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं होतं. दहा लाख युरोंची खंडणी घेणारा तरुण पोलिसांनी पकडला. तो कायद्याचा विद्यार्थी होता, हा तर नियतीचा खवचटपणाच. मुलगा कुठे आहे हे तो सांगेना. शहराचे पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी आपल्या अधिकाऱ्याला त्याला धमकी द्यायला सांगितलं : बोलला नाहीस तर असह्य वेदना देऊ. प्रत्यक्ष हात लावायची वेळ आली नाही. काही मिनिटांत तो बोलला. मुलाचा मृतदेह एका तळ्यात सापडला. त्याला अपहरणाच्याच दिवशी मारलं होतं, पण धमकी देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मुलगा जिवंत होता.

डाश्नरनी पुढे जे केलं ते मला अजून विलक्षण वाटतं. त्यांनी हा सगळा प्रकार स्वतःच लिहून फाइलमध्ये ठेवला. लपवलं नाही, ‘पडल्यामुळे जखम झाली’ छापाचं काही रचलं नाही. त्या कागदामुळेच प्रकरण बाहेर आलं आणि त्यांच्यावर खटला झाला. डिसेंबर २००४ मध्ये कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. मात्र दंड स्थगित ठेवून नुसती ताकीद दिली. चूक ती चूकच, पण तुमची अवस्था आम्हाला कळते, असं काहीसं. देश दुभंगला होता. डाश्नरना हिरो म्हणणारे भरपूर होते.

मारेकऱ्याचं काय झालं? इथे वास्तव फिल्मपेक्षा वेगळं आहे आणि हे माहीत असायलाच हवं. धमकीखाली दिलेली कबुली कोर्टाने खरंच बाजूला ठेवली. पण त्याने खटल्यात, भर कोर्टात, पुन्हा कबुली दिली. बाकी पुरावेही होते. २००३ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे तो थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. १ जून २०१० ला त्या न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. खटला न्याय्य झाला, शिक्षा कायम. पण पोलिसांची धमकी ही अमानुष वागणूक होती आणि त्यासाठी झालेली शिक्षा फारच नाममात्र होती. २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने त्या खुन्याला तीन हजार युरोंची भरपाईही दिली. मुलाच्या आईवडिलांनी ती बातमी कशी वाचली असेल, या विचाराने पोटात गोळा येतो. तरी मला ते निकाल बरोबर वाटतात.

का, ते सांगतो. ‘मुलगी जिवंत असती तर?’ हा प्रश्न तुम्ही विचाराल. मीही विचारतो, आणि त्या जागी माझी धाकटी बहीण असती तर मीच भांडं उचललं असतं, हेही मान्य. पण एखादा भाऊ काय करेल आणि सरकारी गणवेशातल्या माणसाला काय करायची परवानगी असेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परवानगी एकदा दिली की ती फक्त नाडलरसारख्या भल्या माणसाला मिळत नाही. आणि खात्री तर प्रत्येकालाच असते! चुकीच्या माणसाला बडवणाऱ्या पोलिसालाही त्या क्षणी शंभर टक्के खात्रीच वाटत असते.

आपल्याकडे हे बघताना जास्त चटके बसतात. थिएटरमध्ये इन्स्पेक्टरने आरोपीला उलटा टांगला की शिट्ट्या वाजवणारे आपणच. कसाबचा बचाव करायला कोर्टाने नेमलेल्या वकिलाच्या घरावर २००९ मध्ये मुंबईत दगडफेक झाली होती. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही, हा नियम आपल्याकडे १८७२ च्या कायद्यापासून आहे. नव्या साक्ष अधिनियमातही तो टिकलाय. पण एक फट आहे : कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू किंवा मृतदेह सापडला, तर बोलण्यातला तेवढा भाग कोर्टात चालतो. आणि छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही.

फिल्म म्हणून ‘फाइंडे’ निर्दोष नाही. कोर्टातला सवाल-जवाब अधूनमधून व्याख्यान होतो. बीगलरच्या खासगी आयुष्यातले प्रसंग वेळ काढतात. दोन्ही फिल्म्स सलग बघितल्या तर तोच खटला दुसऱ्यांदा ऐकताना जांभई येते. पण ती पुनरावृत्तीच खरी गंमत आहे. तीच वाक्यं, तोच चेहरा, आणि आपलं मत मात्र सरकलेलं.

शिराखनी २०१६ मध्ये दुसऱ्या एका टीव्हीपटाच्या शेवटी प्रेक्षकांना मतदान करायला लावलं होतं. स्टेडियममधल्या हजारो लोकांना वाचवायला अपहृत विमान पाडणारा वैमानिक दोषी की निर्दोष? सुमारे ८७ टक्के जर्मन प्रेक्षकांनी त्याला सोडून दिलं. ‘फाइंडे’मध्ये असं मतदान नाही. त्यामुळे ते तुम्हालाच घरी घ्यावं लागेल. कुठे मिळाली तर एकटे बघू नका. दोघांनी बघा, एकाने पोलिसाची फिल्म आधी, दुसऱ्याने वकिलाची. मध्यंतरात भांडून घ्या, मग अदलाबदल करा.