चौरस इंचाला ८०,००० पौंड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रायफलीच्या काडतुसावर लिहावे, आणि तेही ज्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद पाडला त्या देशात, याचे काहींना नवल वाटेल. परंतु यंत्राची ताकद वाढली म्हणजे ते चालवणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न काही एकट्या विज्ञान शाखेचा नव्हे. अमेरिकेत गेल्या पाच-सहा वर्षांत शिकारीसाठी जी नवी काडतुसे निघाली, त्यांच्याविषयी वाचताना मला हाच प्रश्न पडला.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतल्या वाफेचा दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला सुमारे १५ पौंडांनी जास्त असतो. रायफलीत दारू पेटली की दाब क्षणार्धात हजारो पौंडांवर जातो. १८९५ साली आलेल्या .३०-३० या अमेरिकन काडतुसाची मर्यादा ४२,००० पौंड. १९०६ च्या .३०-०६ ची ६०,०००, तर १९२५ च्या .२७० ची ६५,०००. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गाडे तेथेच अडले, आणि अडवले ते पितळेच्या पुंगळीने. पितळ मऊ असते हाच त्याचा गुण. दाबाने पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसून मोकळी होते. पण दाब मर्यादेबाहेर गेला की तेच पितळ पसरू लागते, बुडातली टोपी सैल होते आणि बोल्ट उघडता उघडत नाही.

ही अडचण पोलादाने दूर केली. २०२० साली मान्यता मिळालेल्या सिग सावर कंपनीच्या .२७७ फ्युरी या काडतुसाचे अंग पितळी असले तरी बूड पोलादी आहे, आणि त्याची मर्यादा ८०,००० पौंड आहे. त्याच्याच लष्करी भावंडाची निवड अमेरिकन सैन्याने २०२२ मध्ये आपल्या नव्या रायफलीसाठी केली. २०२५ च्या आरंभी फेडरल कंपनीने ७ एमएम बॅककंट्री आणले. त्याची तर सबंध पुंगळीच मिश्र पोलादाची, आणि दाब तोच. १७० ग्रेनची गोळी अवघ्या २० इंची नळीतून सेकंदाला ३,००० फूट वेगाने सुटते, असे कंपनी सांगते. पूर्वी एवढ्या वेगासाठी मॅग्नम काडतूस आणि २४ इंच किंवा त्याहून लांब नळी लागे.

हा फायदा खोटा नाही. आखूड नळी झाडीत अडकत नाही. तिच्या तोंडाशी सायलेन्सर बसवला तरी रायफल बांबूएवढी लांब होत नाही, आणि सायलेन्सरने शिकाऱ्याचे कान वाचतात. शिवाय मॅग्नमपेक्षा कमी दारूत तोच वेग मिळत असल्याने खांद्याला बसणारा धक्काही थोडा हलका होतो.

तोटेही खरे आहेत. काडतूस महाग पडते. दाब आणि उष्णता यांनी नळीचा घसा लवकर झिजतो. पितळेची पुंगळी, दाब वाढू लागला की काही खुणा दाखवून शिकाऱ्याला सावध करते. कठीण पोलाद तितके बोलके नाही. आणि हे काडतूस त्याच्यासाठी बांधलेल्या रायफलीतच चालवायचे असते, आजोबांच्या जुन्या रायफलीची नळी नुसती बदलून भागत नाही.

येथे आपल्या देशाची एक आठवण सांगण्यासारखी आहे. इंग्रज बंदूकवाले हिंदुस्थान व आफ्रिकेसाठी काडतुसे करीत तेव्हा ते दाब मुद्दाम कमी ठेवीत. कारण कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढे आणि पुंगळी नळीत अडकून बसे. समोर वाघ आणि हातात न उघडणारी रायफल! म्हणून १९११ च्या .४१६ रिग्बीची पुंगळी दारूच्या मानाने ऐसपैस केलेली आहे. आजची दारू उन्हाला तितकी भीत नाही हे मान्य. पण त्या लोकांनी वेगापेक्षा भरवशाला अधिक किंमत दिली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता माझ्या खऱ्या आक्षेपाकडे येतो. वेग वाढला की जाहिरातीत पल्लाही वाढतो. हिशेब करून पाहावा. वेग २,८०० वरून ३,००० फुटांवर नेला तर गोळीचे खाली येणे साधारण एक अष्टमांशाने कमी होते. ठीक आहे. पण ५०० यार्डांवर पोचायला गोळीला तरीही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि वाढीव वेगाने वाचतो तो सेकंदाचा जेमतेम पंचविसावा भाग. चरणारे हरीण अर्ध्या सेकंदात एक पाऊल पुढे टाकते. छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. त्या एका पावलावर ८०,००० पौंडांकडे काय इलाज आहे? वाऱ्याची तर गोष्टच सोडा.

जखमी जनावर म्हणजे काय हे कुमाऊंला विचारावे. जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते, आणि ते मोडले होते कोणाच्या तरी जुन्या गोळीने. नैसर्गिक भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. हरीण नरभक्षक होत नाही हे मलाही कळते. ते नुसते झुडपात जाऊन दोन दिवस मरत राहते, आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. (आमच्या गावाकडे उसात शिरलेल्या जखमी रानडुकराच्या मागे जायला कोणी धजत नाही. पाचशे यार्डांवरून चाप ओढणाऱ्याला निदान ती भीती तरी नसते.)

म्हणून नव्या काडतुसांवर सरसकट बंदी घाला असे मी म्हणणार नाही. मिळालेला वेग शिकाऱ्याने नळी आखूड करण्यात खर्चावा, पल्ला लांबवण्यात खर्चू नये, एवढेच माझे मत आहे. आणि ज्याला झाडीत दीडशे यार्डांवर एक हरीण मारायचे आहे, त्याला .३०-०६ चे ६०,००० पौंड १९०६ पासून पुरत आले आहेत; त्याची रिकामी पितळी पुंगळी तो घरी नेऊन पुन्हा भरतो.