एकवीसशे आणि चौदाशे सत्तर

थोरल्या भावाने २०१४ साली अमेरिकेतील प्रवेशासाठी सॅट ही परीक्षा दिली. त्यास २१०० गुण मिळाले. धाकट्या बहिणीस आता १४७० मिळाले. पेढीवरील आजोबांनी दोन्ही आकडे ऐकून मनोमन वजाबाकी केली आणि पेढ्यांचा विषय निघालाच नाही. अशी वजाबाकी आज अनेक घरांत होते.

२०१४ मध्ये परीक्षा २४०० गुणांची होती. मार्च २०१६ पासून ती १६०० गुणांची झाली. निबंध ऐच्छिक झाला, चुकीच्या उत्तरासाठी पाव गुण कापणे बंद झाले आणि उत्तराचे पर्याय पाचावरून चारावर आले. हिशेबी मनुष्य येथे त्रैराशिक मांडेल : २४०० पैकी २१००, म्हणजे १६०० पैकी १४००. मग बहीण भावापेक्षा ७० गुणांनी सरस ठरली! पण हेही खरे नाही. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०१६ मध्येच जे तुलना-कोष्टक काढले, त्यात जुन्या २१०० समोर नवे १४७० आहेत. दोघे भावंडे एकाच तोलाची.

१९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हाही दुकानांत कोष्टके वापरात होती. परंतु तेथे त्रैराशिक चालत असे, कारण बदलले होते केवळ नाणे. येथे नाण्याबरोबर मालही बदलला. भारतात २०२३ पासून ही परीक्षा संगणकावर होते. पहिल्या भागातील उत्तरांवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. तथापि मोजपट्टी १६०० चीच ठेवल्यामुळे २०१६ नंतरच्या कागदी परीक्षेचे गुण आजच्या गुणांशेजारी ठेवता येतात.

स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकास ‘अमुक अपेक्षेने’ हा शब्दप्रयोग परका नाही. प्रवेशाधिकारी गुण वाचतो तो असाच. अर्जदार कोणत्या शाळेतून आला, तेथील इतरांचे गुण किती, हे तो शेजारी ठेवतो. दहा-वीस गुणांच्या फरकास तो फारसे महत्त्व देत नाही. तोच विद्यार्थी पुन्हा बसला तरी तेवढा फरक सहज पडतो.

बहुतेक महाविद्यालये प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे गुण प्रसिद्ध करतात. समजा ते १४८० ते १५५० आहेत. पालक खालचा आकडा पाहतात आणि दार बंद झाले असे मानतात. वास्तविक ती किमान पात्रता नव्हेच. गुण कळविलेल्यांपैकी पाव विद्यार्थी त्याच्या खाली असतात. शिवाय जेथे गुण पाठविणे ऐच्छिक आहे, तेथे कमी गुणांचे विद्यार्थी ते कळवीतच नाहीत. त्यामुळे हे आकडे फुगलेले दिसतात.

न कळविण्यातही तोटा असू शकतो. डार्टमथने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. सुमारे १४०० गुण असलेले साधारण परिस्थितीतील काही अर्जदार ते लपवीत होते आणि त्यांच्या शाळांच्या मानाने तेच गुण त्यांना उपयोगी पडले असते, असे तेथील अभ्यासात आढळले. एमआयटीने २०२२ मध्येच सक्ती परत आणली होती. उलट, कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाचा निर्णय घेताना हे गुण पाहतच नाही.

या घरात आता तिसऱ्यांदा परीक्षेस बसविण्याचा विचार चालला आहे. मुलीच्या १४७० मध्ये गणिताचे ७८० आहेत, भाषेचे ६९०. अनेक महाविद्यालये निरनिराळ्या तारखांच्या परीक्षांतून प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. यादीतील महाविद्यालये तसे करीत असतील, तर तिला पुढील दोन महिने गणिताच्या शिकवणीस पाठविण्याचे कारण नाही. वाचन-लेखनाची तयारी पुरेशी आहे. नसतील, तर तिसऱ्या परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी एकदा तिलाच विचारावे.