पत्ता नसलेली पाककृती

बंगळुरूतल्या मराठी घरात आज स्वयंपाकाचा सल्ला बहुधा फोनच्या पडद्यावरून येतो. आई साताऱ्यात, सासू अमरावतीत, आणि इकडे व्हाइटफील्डात किंवा जे. पी. नगरात नोकरीहून परतलेले दोघे. मुलांच्या पानात रोजच्यापेक्षा वेगळं काही पडावं म्हणून एखादा व्हिडिओ शोधला जातो, प्रमाण तंतोतंत घेतलं जातं, आणि तरीही हरभरे टणक राहतात, भाकरी थापताना चिरते, मोदकाची पारी फाटते. अशा वेळी घरात दोनच निष्कर्ष निघतात: एक तर पाककृती खोटी, नाही तर करणाऱ्याच्या हाताला चव नाही. मला हे दोन्ही अन्यायाचे वाटतात. पाककृती सांगणाऱ्याच्या गावचं पाणी, हवा, तांदूळ आणि पीठ तिच्या प्रमाणात मुरलेलं असतं. ते गाव कोणतं, एवढंच सांगायचं राहून जातं. म्हणून ती एकदा करून पाहायची आणि पुढच्या रविवारी दुसरी शोधायची, या रीतीनं घराच्या हाती फारसं काही लागत नाही. एकच पाककृती धरून ती इथल्या ओट्यावर तीन-चारदा करावी, दर वेळी काय बदललं ते लिहून ठेवावं, मग ती घरची होते.

पाण्यापासूनच पाहा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचावर आहे. मुंबईत पाणी 100 अंशांवर उकळतं, इथं साधारण 97 अंशांवर. तीन अंशांनी काय होतं, असं वाटेल. पण उघड्या पातेल्यात पाणी उकळू लागलं की आच कितीही मोठी केली तरी तापमान त्यापुढे चढत नाही, आणि कडधान्य शिजण्याचा वेग तापमानावर ठरतो. मुंबईच्या ओट्यावर वीस मिनिटांत शिजणारी मटकी इथं जास्त वेळ मागते. कुकरमध्ये हा फरक बराचसा मिटतो, कारण तिथं दाबामुळे तापमान एकशेवीस अंशांच्या आसपास जातं. मात्र 'तीन शिट्ट्या' हे माप कुकरचा आकार, आतलं पाणी आणि आच यांवर इतकं अवलंबून असतं की एका घरातून दुसऱ्या घरात नेतानाच ते बदलतं. उंचीपेक्षाही जास्त छळतो तो पाण्याचा जडपणा. शहराच्या मध्यभागी येणारं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणलेलं असतं आणि ते बऱ्यापैकी मऊ असतं. बाहेरच्या बऱ्याच वस्त्या बोअरवेलवर आणि टँकरवर जगतात. ते पाणी जड. त्यातलं कॅल्शियम कडधान्याच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं आणि दाणा मऊ होत नाही. एकाच इमारतीत सोमवारी कावेरी आणि गुरुवारी टँकर येत असेल, तर एकाच घरात एकच डाळ दोन तऱ्हांनी शिजेल. यावरचा उपाय साधा आहे. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घालावं, त्यानं साल मऊ पडते. सोडाही काम करतो, पण त्यात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून मुलांच्या रोजच्या जेवणात तो मला नको वाटतो.

हवेचंही तेच. 'पीठ रात्रभर आंबू द्या' हे वाक्य इडली-डोशाच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत असतं. चेन्नईत जानेवारीतल्या रात्रीही तापमान वीस-एकवीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. बंगळुरूत त्याच दिवसांत ते पंधरा-सोळापर्यंत उतरतं. आंबवणाऱ्या जिवाणूंना तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. तेव्हा चेन्नईची एक रात्र म्हणजे बंगळुरूची एक रात्र आणि वर अर्धा दिवस, हे ज्यानं वहीत टिपलं त्याचं पीठ डिसेंबरातही फुगतं.

पीठ आणि तांदूळ यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, आणि पीठ जुनं झालं की त्याची चिकटी आणखी कमी होते. दक्षिण कर्नाटक नाचणीचा प्रदेश; इथल्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते कधी दळलंय हे कळत नाही. उत्तर कर्नाटकात जोळद रोट्टीला, म्हणजे तिथल्या ज्वारीच्या भाकरीला, उकळतं पाणी घालून पिठाला चिकटी आणतात. बंगळुरूत भाकरी करणाऱ्यानं तीच रीत उचलावी. तांदूळ म्हणजे इथं बहुतेक सोना मसुरी, तोही जुना असेल तर चांगला मानला जाणारा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. आंबेमोहराच्या पिठीवर बेतलेलं मोदकाच्या उकडीचं प्रमाण त्याला लावलं की पारी फाटणारच. 'दोन चमचे लाल तिखट' ही सूचना तर मिरची कोणती हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, गुंटूरची मिरची जाळ काढणारी.

या बदलांकडे केवळ अडचण म्हणून पाहिलं तर एक मोठी गोष्ट हातून जाते. वालाच्या बिरड्याची पाककृती घ्या. कोरडे कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, यात दोन दिवस जातात. बंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत ओल्या अवरेकाईचे ढीग लागतात, बसवनगुडीच्या बाजूला तिचा मेळा भरतो, आणि सोललेली डाळिंबी 'हितकिद अवरेबेळे' म्हणून वाट्यावर विकायला असते. ही शेंग वालाच्याच जातकुळीतली. तिच्यात कडवटपणा नाही, मोडाची चव नाही, पण सालीवरचा तेलकट सुवास, ज्याला इथले लोक सोगडू म्हणतात, तो कोरड्या वालात सापडत नाही. नारळ, जिरं, आमसूल तेच ठेवून या दाण्यांचं बिरडं केलं तर शिजण्याचा वेळ खूपच कमी, गूळ चिमूटभर, आणि पदार्थ असा की तो मुंबईत होणार नाही. हे एका प्रयत्नात कळत नाही. पहिल्यांदा दाणे गळून जातात, गूळ जास्त होतो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसतं.

यावर आक्षेप येईल की व्हिडिओत सगळं डोळ्यांना दिसतं, मग अंदाज का घ्यायचा? दिसतं हे खरं, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. फोडणीचा रंग, पाक कितपत तारेचा, हे छापील पानाला कधीच नीट सांगता आलं नाही. पण कॅमेरा वाट पाहणं कापून टाकतो. कांदा 'पाच मिनिटांत' बदामी होतो तो संकलनाच्या टेबलावर. कढईत त्याला अर्धा तासही लागतो. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी नेलं. वाटी लहान-मोठी असली तरी दोनास एक हे नातं टिकतं, आणि ते पुस्तक वाचणाऱ्या बहुतेकींचा बाजार लेखिकेच्या बाजारासारखाच होता. आजचा प्रेक्षक दुबईतला, बॉस्टनमधला, बंगळुरूतला आहे. सांगणाऱ्यानं शहर, ऋतू, तांदळाची जात आणि मिरचीचं नाव एवढं सुरुवातीला सांगितलं तरी अर्धं काम होईल. हे मागणं जड नाही.

दुसरा आक्षेप मूळ चवीचा: असे बदल करत गेलं तर मराठीपण उरेल का? याचं उत्तर इतिहासात आहे. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले. तंजावरच्या मराठी राज्यातलं डांगर आज तमिळ घरांत डांगर पच्चडी म्हणून केलं जातं. उडदाचं पीठ तेच, फोडणी तिथली. बंगळुरूत मावळी टिफिन रूम्सनं दुसऱ्या महायुद्धातल्या तांदूळटंचाईत रव्याची इडली काढली, असा त्यांचा इतिहास सांगतो, आणि आज ती इथली ओळख आहे. पदार्थ नव्या गावात रुजतात ते तिथल्या जिनसा घेऊनच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: दिवसभर राबलेल्या माणसानं वह्या लिहायच्या कधी, आणि मुलं तोच पदार्थ चार वेळा का खातील? चार वेळा म्हणजे सलग चार दिवस नव्हे. महिन्यातून एकदा पुरे. टिपणही दोन ओळींचं: टँकरचं पाणी, हरभरे दोन शिट्ट्या जास्त, जानेवारी, पीठ सोळा तास. व्हिडिओखालच्या शेकडो प्रतिक्रियांपेक्षा या दोन ओळी त्या घराला उपयोगी आहेत. आणि त्या घरातल्या प्रत्येकाला वाचता येतात, त्यामुळे हरभरे भिजवून कुकर लावण्याचं काम एकाच बाईच्या अंदाजावर अडत नाही. नवऱ्याला करता येतं, आठवीतल्या मुलीला येतं, दहावीतल्या मुलालाही येतं.